गाडीत अपडेट घातलं, त्याचं जॉब कार्ड कुठे आहे?

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली की सगळ्यात आधी जॉब कार्ड बनतं. किलोमीटर किती झाले, तक्रार काय, ओरखडे कुठे आहेत, काम काय करायचं, अंदाजे खर्च किती, हे सगळं लिहून खाली आपली सही घेतात. वायपरचं ब्लेड बदललं तरी बिलावर त्याचा पार्ट नंबर छापून येतो. तीच गाडी रात्री पार्किंगमध्ये उभी असताना कंपनीच्या सर्व्हरवरून तिच्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचं, ब्रेकचं किंवा मोटर कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलतं, आणि सकाळी स्क्रीनवर एक ओळ दिसते: ‘कामगिरीत सुधारणा आणि किरकोळ दोषांची दुरुस्ती’. कुठला दोष होता, कुठल्या भागात होता, दुरुस्तीमुळे आणखी काय बदललं, याचा पत्ता नाही.

हवेतून येणारं अपडेट, ज्याला सगळे ओटीए म्हणतात, ही गाडीची दुरुस्तीच आहे. मेकॅनिकच्या हातून झालेल्या दुरुस्तीला जी कागदपत्रं, जी जबाबदारी आणि जी परवानगी लागते, ती हिलाही लागली पाहिजे. इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर वाढत असताना हा नियम आत्ताच झाला तर बरं. नंतर लाखो गाड्यांचा इतिहास शोधत बसावं लागेल, आणि तो कंपनीच्या सर्व्हरखेरीज कुठेही नसेल.

ओटीएला विरोध करण्यात अर्थ नाही, सोय खरंच मोठी आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने टेस्ला मॉडेल ३ ची ब्रेक चाचणी घेतली, तेव्हा ताशी ६० मैलांच्या वेगावरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. इतकं अंतर तर फोर्डच्या मोठ्या पिकअपलाही लागत नव्हतं. कंपनीने एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) कॅलिब्रेशनमध्ये बदल करून तो हवेतून पाठवला आणि काही दिवसांत फेरचाचणीत अंतर १३३ फुटांवर आलं. ब्रेक पॅड तेच, डिस्क तीच, गाडी जॅकवरही चढली नाही. ज्या तालुक्यातून ईव्हीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं, तिथल्या मालकासाठी तर ही सोय म्हणजे अख्खा दिवस आणि टोलचे पैसे वाचणं.

पण ब्रेक लागून थांबायचं अंतर सॉफ्टवेअरने १९ फुटांनी कमी होत असेल, तर ते सॉफ्टवेअरने वाढूही शकतं. बॅटरीच्या बाबतीत तसं घडलेलं आहे. २०१९ च्या वसंतात शांघाय आणि हाँगकाँगमध्ये उभ्या टेस्ला गाड्यांना आगी लागल्या. त्यानंतर कंपनीने जुन्या मॉडेल एस गाड्यांना एक अपडेट पाठवलं आणि काही मालकांच्या लक्षात आलं, की फुल चार्जला दिसणारी रेंज एकदम खाली आली आहे. अपडेटने बॅटरीचं कमाल व्होल्टेज कमी केलं होतं. अमेरिकेत खटला झाला, २०२१ मध्ये १५ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि १,७४३ गाड्यांच्या मालकांना बहुतेक प्रत्येकी ६२५ डॉलर मिळाले. व्होल्टेज पूर्ववत करणारं अपडेट मार्च २०२० मध्ये आलं होतं. आगीचा धोका टाळण्यासाठी व्होल्टेज कमी करणं कदाचित बरोबरही असेल. आक्षेप इतकाच, की पैसे मोजून घेतलेली क्षमता काढून घेताना मालकाला तसं सरळ सांगितलं गेलं नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी पेट्रोलच्या टाकीत पार्टिशन घालून टाकी लहान केली असती आणि बिलावर ‘सुधारणा’ लिहिलं असतं, तर काउंटरवर केवढा तमाशा झाला असता!

दुसरी तऱ्हा म्हणजे अपडेटच फसणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन या अमेरिकी कंपनीने चुकीची सुरक्षा प्रमाणपत्रं असलेली चुकीची आवृत्ती गाड्यांना पाठवली. इन्स्टॉल होता होता स्क्रीन अडकल्या. गाड्या चालत होत्या, पण मधला डिस्प्ले काम करेना. चूक माणसाच्या हातून झाली हे कंपनीने उघडपणे मान्य केलं, आणि ते कौतुकास्पदच. ऑक्टोबर २०२५ मध्ये जीप रँग्लर ४एक्सई या प्लग-इन हायब्रिडचं प्रकरण याहून गंभीर होतं: अपडेट घेतलेल्या काही गाड्यांची शक्ती चालता चालताच गेली. कंपनीने अपडेट मागे घेतलं आणि दुरुस्त आवृत्ती पाठवली. पण हायवेवर मधल्या लेनमध्ये अशी गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या घाटात एकदा तरी मागून ट्रकचा हॉर्न ऐकलेल्याला सांगायला नको.

अपडेट का फसतं हे कळायचं तर ते गाडीत कसं जातं हे बघावं लागतं. गाडीतल्या टेलिमॅटिक्स युनिटमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवणाऱ्या भागात, ई-सिम असतं. त्यावरून फाइल उतरते, गाडीच्या अंतर्गत नेटवर्कचा दरवान असलेला गेटवे तिची डिजिटल सही तपासतो आणि मग एकेका कंट्रोलरला, म्हणजे एकेक भाग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, नवं सॉफ्टवेअर दिलं जातं. इन्फोटेनमेंटची स्क्रीन हा त्यातला एकच कंट्रोलर. बाकी व्हेईकल कंट्रोल युनिट, बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम), मोटरचा इन्व्हर्टर, ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, एबीएस, अ‍ॅडासचा (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा) कॅमेरा असे कितीतरी. स्क्रीनच्या मेमरीत बहुधा दोन कप्पे असतात. एकात जुनं सॉफ्टवेअर चालू असताना दुसऱ्यात नवं लिहिलं जातं, आणि नवं चालेना तर गाडी जुन्या कप्प्यावर परतते. खरी अडचण लहान कंट्रोलरची. त्यांच्यात खर्च वाचवण्यासाठी अनेकदा एकच कप्पा असतो. म्हणजे जुनं पुसून मगच नवं लिहायचं. मध्येच वीज गेली तर त्या कंट्रोलरमध्ये फक्त बूटलोडर, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, उरतो आणि गाडी ‘रेडी’ होत नाही. थोडी जास्त मेमरी टाकली असती तर हा प्रश्न बराचसा सुटला असता. हा खर्च कुणी करायचा हाही धोरणाचाच प्रश्न आहे, नुसता इंजिनिअरिंगचा नाही.

स्क्रीनवरचा टक्क्याचा आकडा एका जागी थांबला की माणसं घाबरतात. त्यामागेही साधं गणित आहे. बऱ्याच कंट्रोलरपर्यंतची वाट कॅन बसची, म्हणजे कंट्रोलरना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांची, असते आणि तिचा वेग साधारण ५०० किलोबिट प्रति सेकंद. पत्ते, पोचपावत्या, तपासणी वगैरे वजा जाता सेकंदाला ३० किलोबाइट हातात पडले तरी खूप. चार मेगाबाइटचं सॉफ्टवेअर त्या वाटेने जायला दोन मिनिटांच्या वर लागतात. शिवाय आधी मेमरी पुसायची, नंतर पडताळायची. असे आठ-दहा कंट्रोलर एकामागून एक असले तर पाऊण तास सहज जातो, आणि त्यात १०-१५ मिनिटं आकडा जागचा हलत नाही. अशा वेळी घाबरून १२ व्होल्टचं टर्मिनल काढणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. कंपनीने सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ जाईपर्यंत हात लावू नये, त्यानंतर हेल्पलाइनला फोन करावा.

अडकलेल्या अपडेटच्या तक्रारींत मोठा वाटा १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचा असतो, आणि गंमत म्हणजे ईव्हीच्या मालकाला ही बॅटरी आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसतं. मोठ्या बॅटरीत ८० टक्के चार्ज असतानाही अपडेट ‘अटी पूर्ण नाहीत’ म्हणून नकार देतं, कारण सगळे कंट्रोलर या लहान बॅटरीवर चालतात. चालू गाडीत डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून तिला भरत राहतो. पण बीएमएस किंवा खुद्द डीसी-डीसीचंच सॉफ्टवेअर बदलायचं असेल तर हाय व्होल्टेजचे काँटॅक्टर (मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच) उघडावे, म्हणजे बंद करावे लागतात आणि तेवढा वेळ सगळा भार एकट्या लहान बॅटरीवर येतो. समजा कंट्रोलर मिळून १५ अँपिअर ओढतायत आणि काम ४० मिनिटं चाललं, तर १० अँपिअर-तास खर्च झाले. नव्या ४० अँपिअर-तासाच्या बॅटरीला त्याचं काही वाटत नाही. पण तीन-चार उन्हाळे काढलेली, विदर्भातल्या ४५ अंशांत उघड्यावर उभी राहिलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यावर आलेली असते आणि तिथेच घोडं अडतं. सर्व्हिस सेंटरमध्ये हेच काम करताना लॅपटॉपशेजारी स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय आधी जोडतात, तो याचसाठी. घरी तो नसतो. म्हणजे तेच काम, कमी सुरक्षिततेने, मालकाच्या पार्किंगमध्ये, आणि जोखीमही मालकाचीच.

मल्टिमीटर चारशे-पाचशे रुपयांत मिळतो. गाडी लॉक करून दोन तास झोपू द्यावी आणि मग १२ व्होल्टच्या टर्मिनलवर मोजावं. १२.६ किंवा वर असेल तर उत्तम, १२.४ चालेल, १२.२ च्या खाली असेल तर अपडेट लावू नये. गाडी ‘रेडी’ केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसलं पाहिजे. तेवढं दिसत नसेल तर दोष बहुधा बॅटरीत नाही, ती भरणाऱ्या डीसी-डीसीत किंवा त्याच्या फ्यूजमध्ये आहे, आणि ते काम वर्कशॉपचं. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या आसपास कुणीही हात घालू नये. डॅशकॅम फ्यूज बॉक्समधून थेट जोडला असेल, ओबीडी पोर्टमध्ये (गाडीची तपासणी करण्याच्या सॉकेटमध्ये) डोंगल खोचून ठेवला असेल, तर अपडेटपूर्वी दोन्ही काढावेत. डोंगल गाडीला झोपू देत नाही आणि ज्या वाटेने नवं सॉफ्टवेअर जाणार, तिथेच लुडबुड करतो.

डाउनलोड पुढे जात नसेल तर कारण बहुधा जागेचं असतं. टॉवरच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये फोनला रेंज नसते तशी ई-सिमलाही नसते. गाडी अर्धा तास उघड्यावर आणून उभी करावी. वाय-फाय किंवा फोनचा हॉटस्पॉट चालतो का, हे मॉडेलवर आहे. काही गाड्यांत वाय-फायवरून फक्त स्क्रीनचं सॉफ्टवेअर येतं आणि बाकीचं ई-सिमवरूनच. स्क्रीन गोठली असेल तर स्क्रीनपुरतं रीस्टार्ट करता येतं: टेस्लात स्टिअरिंगवरची दोन्ही स्क्रोल बटणं स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरायची, इतर बऱ्याच गाड्यांत पॉवर किंवा होमचं बटण. मात्र हे इन्स्टॉल चालू असताना करायचं नाही.

आणि इन्स्टॉलची जागा नीट निवडावी. याबद्दल कंपन्यांच्या सूचना बहुधा पुरेशा स्पष्ट नसतात, म्हणून जरा सविस्तर. अपडेट फसलेली ईव्ही ‘पी’मध्ये अडकू शकते आणि मग इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक सुटत नाही. ती ढकलता येत नाही. ओढायची तर फ्लॅटबेड हवा, आणि फ्लॅटबेड सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवरून आत येत नाही, छताची उंची आडवी येते. मग चाकांखाली चाकाच्या ट्रॉल्या सरकवून गाडी वर आणावी लागते आणि त्याची साधनं प्रत्येक टोइंगवाल्याकडे नसतात. म्हणून इन्स्टॉल उघड्यावर, सपाट जागी, सोसायटीचा सामायिक चार्जिंग पॉइंट सोडून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठे निघायचं नसताना करावं. लहान मूल किंवा कुत्रा आत नको, कारण मधल्या काळात एसी आणि कधी कधी काचाही चालत नाहीत. बॅटरी बसली तर इलेक्ट्रॉनिक हँडल उघडत नाही, त्यामुळे किल्लीच्या आतलं धातूचं पातं कसं काढायचं आणि दाराचं कुलूप कुठे आहे, हे आधी पाहून ठेवावं.

आता अपडेटनंतरचा प्रश्न. सार्वजनिक चर्चेत तो सगळ्यात कमी येतो. अपडेट यशस्वी झालं, पण गाडी बदललीये असं वाटतंय. रेंज कमी झाली का? स्क्रीनवरच्या रेंजच्या आकड्यावर भांडू नये. तो अंदाज असतो आणि अपडेटने अंदाजाचं सूत्रच बदललेलं असू शकतं. भांडायचं तर मीटरवर. समजा बॅटरी ४५ किलोवॅट-तासाची आहे. २० ते ८० टक्के म्हणजे ६० टक्के, म्हणजे २७ किलोवॅट-तास बॅटरीत गेले पाहिजेत. ७.२ किलोवॅटच्या एसी चार्जरवर रूपांतरात साधारण १०-१२ टक्के जातात, म्हणून भिंतीवरच्या मीटरला ३० च्या आसपास दिसेल आणि चार तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. अपडेटपूर्वीचा आणि नंतरचा आकडा याच पद्धतीने घ्यावा: तोच चार्जर, केबिनचा एसी बंद, हवा सारखी. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर आधी १०० टक्के करून तास-दोन तास थांबू द्यावं, कारण या रसायनाचा व्होल्टेजचा आलेख मधल्या भागात सपाट असतो आणि टक्क्याचा अंदाज वाहवत जातो. एवढं करूनही ३० च्या जागी दोनदा २७ आले, तर दहावा हिस्सा गेला हे आकड्यांत मांडता येतं.

फास्ट चार्जिंगचंही तसंच. ३०, ५० आणि ७० टक्क्यांना किती किलोवॅट मिळतात याचे फोटो काढून ठेवावेत. इथे एक सापळा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ६० किलोवॅटच्या चार्जरना दोन गन असतात आणि शेजारी दुसरी गाडी लागली की प्रत्येकीला ३० मिळतात. शेजारची गन रिकामी असतानाचाच आकडा धरायचा, नाहीतर अपडेटला उगाच दोष.

मालकाने एवढं सगळं करावं का? करू नये. हेच तर म्हणणं आहे. हे आकडे कंपनीकडे प्रत्येक गाडीचे, प्रत्येक चार्जिंगचे आहेत. मालकाकडे स्क्रीनशॉट. बॅटरीची वॉरंटी अनेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते आणि ती बॅटरीचं आरोग्य एका ठरावीक टक्क्याच्या खाली, अनेक कंपन्यांत ७० च्या खाली, गेलं तरच लागू होते. ते आरोग्य मोजतं कोण? बीएमएसचं सॉफ्टवेअर. ते बदलण्याचा अधिकार कुणाला? कंपनीला, हवेतून, न सांगता. दावा ज्याच्याविरुद्ध, मोजपट्टीही त्याच्याच हातात. आरोग्य मोजायचं सूत्र बदलणारं प्रत्येक अपडेट स्वतंत्रपणे जाहीर झालं पाहिजे आणि बदलापूर्वीचं रीडिंग मालकाला लेखी मिळालं पाहिजे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मालकाला गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. मालकाने हेडलाइट बदलला तर चलान. कंपनीने विकलेल्या गाडीची क्षमता दूरवरून बदलली तर मात्र मालकाला कागदाचा कपटाही मिळत नाही. त्याच दुरुस्तीने कलम ११०अ आणलं: गाडीतल्या दोषामुळे माणसांना किंवा पर्यावरणाला धोका असेल तर सरकार रिकॉल (दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) लावू शकतं, आणि दोष लक्षात आल्यावर कंपनीनेही तो सरकारला कळवून रिकॉल सुरू केला पाहिजे. तरतूद चांगली आहे. पण सुरक्षेचा दोष हवेतून गुपचूप दुरुस्त झाला तर तो नोंदला जातोय की नाही, हे मालकाला कळायचा मार्ग नाही.

अमेरिकेत हे वेगळ्या तऱ्हेने चालतं. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाच्या ऑटोपायलटसंदर्भात २० लाखांहून अधिक गाड्यांचा रिकॉल झाला. दुरुस्ती हवेतूनच झाली, गाडी कुठे न्यावी लागली नाही. तरीही तो नियामकाकडे रिकॉल म्हणून दाखल झाला, दोषाचं वर्णन सार्वजनिक झालं आणि मालकांना पत्रं गेली. कंपन्यांना हे जाचक वाटतं. पण दुरुस्ती सोपी असली म्हणून दोष लहान होत नाही.

आणि सॉफ्टवेअरने सगळं दुरुस्त होतं असंही नाही. ह्युंदाई आणि कियाच्या काही ईव्हींमध्ये आयसीसीयू नावाचं युनिट १२ व्होल्टची बॅटरी भरतं. ते बिघडलं की लहान बॅटरी उतरते आणि गाडी बंद पडू शकते. २०२४ मध्ये भारतात १,७४४ आयोनिक ५ आणि १,१३८ ईव्ही६ गाड्या यासाठी परत बोलावल्या गेल्या. सॉफ्टवेअरने युनिटवरचा ताण कमी करता येतो, पण जळालेला भाग अपडेटने बरा होत नाही, तो बदलावाच लागतो. म्हणून ‘अपडेट पाठवलंय, बघा आता’ हे उत्तर ऐकल्यावर मालकाने विचारायचा प्रश्न असा: फॉल्ट कोड वाचले का, आणि हार्डवेअर तपासलं का? उत्तर लेखी मागावं.

युरोपात यूएन आर१५६ हा सॉफ्टवेअर अपडेटबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा नियम जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे. त्यात मालकाला आधी सांगायच्या गोष्टी लिहून दिल्या आहेत: अपडेटचा हेतू, बदलणारी कार्यं, लागणारा वेळ, त्या काळात न चालणाऱ्या सोयी, सुरक्षितपणे करायच्या सूचना. अपडेट अर्ध्यावर तुटलं तर गाडी आधीच्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित अवस्थेत गेली पाहिजे. काम पूर्ण करण्याएवढी वीज असेल तरच ते सुरू व्हावं. नंतर यश-अपयश कळवावं. याच धर्तीवर आपल्याकडे सायबर सुरक्षेसाठी एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-१९० ही मानकं लिहिली गेली आहेत. ती लिहिणाऱ्या समितीचं सचिवालय पुण्यात एआरएआय या वाहन तपासणी आणि संशोधन संस्थेकडे आहे. महाराष्ट्रात ईव्ही बनतात, त्यांची तपासणीही इथेच होते, तेव्हा या विषयावरचा आवाज इथूनच उठायला हवा.

पण आर१५६ ची नक्कल पुरेशी नाही. त्यात गाडीला सॉफ्टवेअर ओळख क्रमांक असतो आणि तो ओबीडी पोर्टवरून वाचता येतो, मात्र तो टाइप अप्रूव्हलशी (विक्रीआधी मॉडेलला मिळणाऱ्या सरकारी मंजुरीशी) संबंधित सॉफ्टवेअरपुरताच. अपडेटचा संपूर्ण इतिहास मालकाला मिळालाच पाहिजे असं त्यात नाही. फसलेल्या गाडीच्या टोइंगचा खर्च कुणाचा, हेही नाही. आपल्या नियमात या दोन गोष्टी हव्यात, आणि तिसरी कनेक्टेड सेवेच्या वर्गणीबाबत. पहिली काही वर्षं ती फुकट असते, मग नूतनीकरणाचे पैसे. गाणी आणि लाइव्ह ट्रॅफिकसाठी पैसे घ्या. ब्रेक, बॅटरी, एअरबॅग आणि सायबर सुरक्षेची अपडेट गाडी रस्त्यावर असेपर्यंत वर्गणीशिवाय आली पाहिजेत.

कंपन्यांचे दोन आक्षेप खरेच वजनदार आहेत. एक, जुन्या आवृत्तीवर परत जायची मुभा दिली तर जुन्या सुरक्षा-त्रुटी परत उघड्या पडतात, म्हणूनच कंट्रोलर मुद्दाम जुनं सॉफ्टवेअर नाकारतात. हे पटण्यासारखं आहे. पण मागणी जुन्या कोडची नाही. रेंज किंवा चार्जिंगचा वेग कमी करणारा बदल सुरक्षेसाठी नसेल, तर आधीचं कॅलिब्रेशन नव्या कोडमध्ये, नव्या सहीसह देता येतं. सुरक्षेसाठी असेल, तर तसं लिहून द्यावं आणि कमी झालेल्या क्षमतेची भरपाई करावी. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक मालकाला नाही म्हणायचा हक्क दिला तर रस्त्यावर पन्नास आवृत्त्या फिरतील आणि कुणाचीच गाडी नीट सांभाळता येणार नाही. तोडगा अपडेटचे दोन वर्ग करण्यात आहे. सुरक्षेचं अपडेट नाकारता येणार नाही, फक्त ठरावीक दिवसांपर्यंत पुढे ढकलता येईल. सोयीचं अपडेट नाकारता येईल. दोन्ही एकाच गठ्ठ्यात बांधायला बंदी. आज नवीन थीम आणि ब्रेकचं कॅलिब्रेशन एकाच फाइलमधून येतं. ते पहिलं थांबलं पाहिजे.

‘सामान्य ग्राहकाला तांत्रिक माहिती कळत नाही’ हा तिसरा आक्षेप ऐकूच नये. जॉब कार्डवरचा पार्ट नंबर तरी कुणाला कळतो? तो पुढच्या मेकॅनिकला कळतो, विमा सर्व्हेअरला कळतो, ग्राहक आयोगात तज्ज्ञाला कळतो. कार्डावर हवं ते फार नाही: चेसिस नंबर, तारीख, किलोमीटर, प्रत्येक बदललेल्या कंट्रोलरची आधीची आणि नंतरची आवृत्ती, बदलाचं मराठीत एका वाक्यात कारण, रेंज, चार्जिंग, ब्रेक किंवा वेगावर परिणाम आहे की नाही, आणि बिघडल्यास कुणाला फोन करायचा. हे सगळं सर्व्हरवर तयारच असतं. पीडीएफ ईमेल करायची आहे, बस.

ती येईपर्यंत मालकाने आपला कागद आपणच बनवावा: इन्स्टॉलपूर्वी आणि नंतर आवृत्तीच्या स्क्रीनचा, ओडोमीटरचा, चार्जच्या टक्क्याचा फोटो, चार्जिंग अ‍ॅपची पावती, आणि तक्रार फोनवर नाही तर ईमेलवर, तक्रार क्रमांकासह. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जुनी ईव्ही विकत घेणाऱ्याची गोची आणखी वेगळी आहे. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नव्या नावावर होते, पण कंपनीच्या अ‍ॅपवरचं खातं आपोआप बदलत नाही. अपडेटची सूचना जुन्या मालकाच्या फोनवर जाते, होकारही तोच देतो, आणि काही गाड्यांत तो गाडीचं ठिकाणही बघू शकतो. नवा मालक सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला नवं कागदपत्र मागितलं जातं. वाहन पोर्टलवर मालकी बदलली की त्याच नोंदीवरून कंपनीने सात दिवसांत, विनाशुल्क खातं बदलून द्यावं आणि त्या चेसिस नंबरवर आजवर झालेल्या सगळ्या अपडेटची यादी नव्या मालकाच्या हाती द्यावी, एवढी एक ओळ नियमात घातली तर सेकंड हँड ईव्हीच्या बाजारातला निम्मा अविश्वास उद्या कमी होईल. तोपर्यंत, व्यवहाराचे पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून अ‍ॅपमधून गाडी काढून टाकायला लावावी, आणि आपल्या फोनवर ती जोडली गेल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये.